गोळीचे दोन वाटे

विट्याच्या तपासणीला जी माणसं येत नाहीत ती दोन प्रकारची असतात. एकतर त्यांचे गुडघे बरे झालेले असतात, नाहीतर त्यांना औषध बाधलेलं असतं. दोन्ही वेळा फोन मलाच करावा लागतो. त्या दिवशी विट्यात जेवणाचा डबा उघडता उघडता मी थोरलीला फोन लावला.

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात काम करते. पूर्वी वॉर्डात नर्स होते, आता गुडघ्यांच्या झिजेवर जे संशोधन चालतं त्याचं काम बघते. माणसं शोधायची, त्यांना सगळं समजावून सांगायचं, त्यांची संमती घ्यायची, दर महिन्याला तपासणी करायची आणि न आलेल्यांच्या मागे लागायचं. गुडघ्याच्या झिजेनं माणूस मरत नाही. त्यामुळे त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. पण सांध्यातली गादी पातळ होते, हाडाला हाड घासतं आणि मग खाली बसणं, उठणं, पायरी चढणं, संडासला जाणं या साध्या गोष्टींची आधी मनाशी तयारी करावी लागते. आमच्या भागात चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकांत असं दुखणं नाही असं घर शोधावं लागेल.

आमच्या अभ्यासात एक नवीन गोळी होती. निम्म्या लोकांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. तिला आम्ही आपसात कोरी गोळी म्हणायचो. कुणाला कोणती मिळतेय हे घेणाऱ्याला माहीत नसतं, मला नसतं आणि अभ्यास चालवणाऱ्या आमच्या हाडांच्या डॉक्टरांनाही नसतं. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. हे लपवून ठेवण्यामागे कारण आहे. आपल्याला औषध चालू झालंय एवढ्यानंच माणसाला बरं वाटायला लागतं. त्यातलं खरं किती आणि वाटणं किती, हे वेगळं काढायचं तर दुसरा मार्ग नाही.

थोरली आणि धाकटी या दोन जावा. त्या मला पहिल्यांदा वडूजच्या शिबिरात भेटल्या. एकाच ताग्यातून फाडल्यासारखी दोन लुगडी, दोघींच्या कमरेला पान-सुपारीच्या चंच्या, दोघींची चाल बदकासारखी डावी-उजवीकडे झुलणारी. त्यांचं गाव वडूज आणि मायणीच्या मध्ये. घर मेंढपाळांचं. वर्षानुवर्षं दिवाळी झाली की दोघी मेंढरांमागे घाट उतरायच्या आणि पाऊस जवळ आला की परत यायच्या. आता थोरलीचा नवरा घरीच असायचा आणि त्याला ऐकू येत नव्हतं. धाकटीचा नवरा अजून कळपाबरोबर फिरत होता. पोरांपैकी एक फौजेत, एक सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या गलाईच्या कामाला परमुलखात. घर चालवायच्या या दोघी.

सरांचं आणखी एक काम चालू होतं. गुडघे मुळात झिजतात कशानं, हे शोधायचं. त्यासाठी मी प्रत्येकीला ठरावीक प्रश्न विचारायची. किती वर्षं डोक्यावरून पाणी आणलं, जमिनीवर बसून किती काम केलं, दिवसाला जिने किती चढता.

"जिनं कुठलं आलं आमच्याकडं?" थोरली म्हणाली. "डोंगर लिवा."

धाकटी म्हणाली, "आन् लिवा, आक्का फुडं चालायची आन् मी मागं. तिच्या पायाखालची वाट सपाट व्हायची, म्हनून माझं गुडघं जरा चांगलं."

"गप गं. रातीला कन्हतीस ती कोन मग?"

त्यांच्याशी बोलायला मला आवडायचं. पण रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा धाकटीची किडनी थोडी कमजोर निघाली. तिला अभ्यासात घेणं शक्यच नव्हतं. मी तिला समोर बसवून सांगितलं की दुखण्यावरची कुठलीही गोळी दुकानातून आणून खायची नाही, किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं. ती "व्हय" म्हणाली. थोरली मात्र माझ्याकडे बघत राहिली. पंगतीत शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीच्याच ताटात वाढलं की ती वाढणाऱ्याकडे बघते, तसं.

"म्हंजी मला मिळनार आन् हिला न्हाई?"

"हो. आणि तुमची गोळी तुम्हीच खायची आक्का. घरात कुणालाही द्यायची नाही. दुसरं कुठलं औषधही घ्यायचं नाही. फार दुखलं तर आम्ही देऊ ती तापाची साधी गोळी, बाकी काही नाही. काय सांगितलं मी?"

"माझी गोळी मीच खायाची," ती म्हणाली. "कुनाला द्याची न्हाई. दुसरं औषध घ्याचं न्हाई."

समोरच्याकडून असं परत वदवून घ्यायचं, ही आमची पद्धत आहे. तिनं अगदी बरोबर सांगितलं होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला थोरली वेळेवर आली. रिकामी पाकिटं परत द्यायची, ती चोख असायची. दुखणं कमी झालं म्हणायची, आणि ते दिसतही होतं. भिंत न धरता उठायला लागली होती. सर एकदा मला म्हणाले, "या बाईंना औषधाचीच गोळी मिळालेली दिसते." असे अंदाज आम्ही बांधू नयेत, पण बांधतो.

तर त्या दिवशी फोन थोरलीनंच उचलला.

"आक्का, आज तारीख होती. आला नाहीत."

"न्हाई आले, म्याडम. धाकटी निजून हाय. त्वांड सुजलंया तिचं. पाय बी. परवाधरनं वकतीया नुसती."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"काल एक जन सलाइन लावून गेला. तवापास्नं जास्तच सुजलीया."

"लघवी होते का?"

"कुठली? सकाळधरनं न्हाई." मग आवाज थोडा खाली आणून तिनं विचारलं, "मी काय म्हंते म्याडम, आज गोळी बंद ठिवू का? तिची बी?"

"कुणाची?"

तिकडून कोंबड्यांचा आवाज आला.

"आक्का, तिची कुठली गोळी?"

"आवं तीच की," ती म्हणाली. "अर्धी अर्धी."

मी डबा परत बंद केला.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर काका सावलीत भाकरी खात होते. त्यांना भाकरी हातात घेऊनच उठवलं. बाकीची तपासणी बरोबरच्या मुलींवर सोपवली, रक्तदाबाचं यंत्र घेतलं आणि निघालो. वाटेत सरांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुठे थांबू नका, सरळ मिरजेला घेऊन या. मी किडनीच्या मॅडमना सांगतो."

घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या सोप्यात घोंगडीवर धाकटी कुशीवर झोपली होती. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. गाल फुगलेले, डोळ्यांच्या नुसत्या फटी. पायाच्या नडगीवर मी अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा तसाच राहिला. श्वास घेताना तिला त्रास होत होता. रक्तदाब बघितला आणि परत एकदा बघितला. अंगावर एवढी सूज असताना तो वाढलेला असायला हवा होता, पण तो खाली होता, बराच खाली. हे जुळत नव्हतं.

"वाटता कशी गोळी?" मी थोरलीला विचारलं.

तिनं कोनाड्यातून अडकित्ता काढला. सुपारी कातरायचा, पितळी मुठीचा, चांगला जुना. "ह्यात धरायची आन् हळू दाबायचं. बारीक चुरा पडतूया, त्यो बी आमी चाटून घेतो."

म्हणून पाकिटं चोख होती. आम्ही गोळ्यांचा हिशेब ठेवतो, पण गोळी कुणाच्या पोटात गेली याचा हिशेब पाकिटावरून लागत नाही.

"आणखी काही औषध? दुकानातलं? दुसऱ्या डॉक्टरचं?"

"न्हाई," थोरली म्हणाली.

मी धाकटीकडे बघितलं. तिनं पडल्या पडल्या मान हलवली. "न्हाई."

काका आणि मी तिला उचलून गाडीत मागच्या सीटवर घातलं. थोरली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. थोरलीच्या म्हाताऱ्या नवऱ्याला काय झालं ते ओरडून सांगायला वेळ नव्हता. थोरलीनं हातवारे केले आणि तो दारात उभा राहिला.

मायणी, विटा, तासगाव. हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक नवा वाटला. तासगावच्या अलीकडे द्राक्षाच्या पेट्या भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलो. काकांनी काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी मधे मधे मागे वळून रक्तदाब बघत होते. आकडा मोठ्यानं सांगत नव्हते.

"म्याडम," थोरली म्हणाली, "तुमी सांगितल्यालं समजलं हुतं मला. समजलं न्हाई असं न्हाई."

"मग?"

"मग काय? सकाळी च्या प्यायला दोघी बसतूया. मी गोळी खायाची आन् हिनं गुडघा दाबत माझ्या तोंडाकडं बघायचं? पयल्या दिशी खाल्ली तशी. गिळंना."

"त्यांची किडनी कमजोर आहे म्हणून दिली नव्हती."

"त्ये तुमी म्हनलासा. पर ही मुतती चांगली, जेवती चांगली, मग किडनीचं काय? मला वाटलं, तुमच्याकडं गोळ्या कमी असतील. आन् अर्ध्यानं काय हुतंय म्हनलं."

गोळ्या कमी असतील! इतके दिवस मी समजावून सांगितलं, वदवून घेतलं, आणि तिनं मनाशी लावलेला अर्थ हा होता. रेशनची साखर घरटी मोजूनच मिळते, तशी ही गोळी.

मधेच धाकटीनं डोळे उघडले. "आक्का, मेंढरं आली का?"

"आली, आली. निज तू."

मेंढरं शंभर कोस लांब कुठल्यातरी उसाच्या रानात बसवलेली होती. काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि वेग वाढवला.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा स्ट्रेचर दारात उभं होतं. किडनीच्या मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, तोडून बोलणाऱ्या. त्यांनी धाकटीला अतिदक्षता विभागात घेतलं. रक्त गेलं, रिपोर्ट आले. किडनी जवळजवळ थांबली होती आणि पोटॅशियम वाढलं होतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदय कधीही थांबू शकतं.

सर खाली आले तेव्हा त्यांच्याच ओपीडीच्या दारात आमचं तिघांचं बोलणं झालं. उभ्या उभ्या.

"गोळी कोणती होती?" मॅडमनी विचारलं. "औषधाची की दुसरी?"

"ते आम्हालाही माहीत नसतं," सर म्हणाले.

"ते कळलंय मला. उघडा आणि बघा."

सर चष्मा काढून पुसायला लागले. ते वाईट माणूस नाहीत. पण कुणाला कोणती गोळी हा गुप्त संकेत उघडायचा म्हणजे काय, ते मलाही माहीत होतं. थोरली अभ्यासातून बाहेर जाणार, संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवावं लागणार, आमच्या केंद्राची चौकशी होणार. आणि संकेत उघडायचा नियम अभ्यासातल्या माणसांसाठी लिहिलेला. धाकटी तर अभ्यासात नव्हतीच.

"त्या आपल्या अभ्यासात नाहीत," सर म्हणाले. "त्यांच्यासाठी कोड उघडायचा की नाही, हे मला विचारून घेऊ दे. गोळीच्या कंपनीला मेल करतो. समितीच्या..."

"समिती बसेल तेव्हा बसेल," मॅडम म्हणाल्या. "इथे पोटॅशियम आत्ता चढतंय. तुमची गोळी नवीन आहे. ती किडनीचं काय करते, डायलिसिसनं बाहेर पडते की नाही, मला कळायला नको? आणि हा रक्तदाब. एवढ्या सुजेला तो खाली का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मशीन लावलं आणि तो आणखी पडला तर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. का ते माहीत नाही. मी निर्णय देणारी कुणी नाही.

"सर, बाई आपल्या नसतील," मी म्हटलं, "गोळी आपली आहे."

ते खुर्चीत बसले, कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड एकदा चुकला. मग स्क्रीनवर ती ओळ आली. सरांनी ती वाचली आणि खांदे सैल सोडले.

"कोरी," ते म्हणाले. "त्या गोळीत काही नव्हतं."

मॅडमचे खांदे सैल झाले नाहीत. "म्हणजे तुम्ही सुटलात," त्या म्हणाल्या. "मग हिनं खाल्लंय काय?"

त्या परत आत गेल्या. मी बाहेर आले.

थोरली बाकावर बसली होती. पोटात काही गेलेलं नसेल म्हणून मी कँटीनमधून चहा आणि बिस्किटांचा पुडा आणला. तिनं पुडा फोडला, एक बिस्किट काढलं, मधोमध मोडलं, अर्धं चहात बुडवून खाल्लं आणि अर्धं पदरात ठेवलं. मग दुसरं काढलं. तेही मोडलं. अर्धं तोंडात, अर्धं पदरात.

"हे कुणाला?"

"तिला. उठल्यावर."

मी चहाचा कप खाली ठेवला. तिच्याकडे बघत राहिले. थोरलीनं धाकटीला अर्धं दिलं, एवढंच धरून आम्ही सगळे बसलो होतो. पण ज्या घरात बिस्किटसुद्धा मोडल्याशिवाय तोंडात जात नाही, त्या घरात वाटा एकीकडूनच कसा जाईल?

"आक्का," मी म्हटलं, "तुम्ही तिला गोळी दिलीत. तिनं तुम्हाला काय दिलं?"

ती पदराची गाठ बांधायला लागली. "काय न्हाई."

"आमच्या गोळीनं हे झालेलं नाही. आता कळलं."

तिनं चटकन वर बघितलं. "तुमच्या गोळीनं न्हाई? आईशप्पत?"

"नाही. दुसरंच काहीतरी आहे आणि ते काय आहे ते आत कुणाला माहीत नाही. अंदाजानं चाललंय."

"मी कबूल केलं हुतं तुमास्नी," ती म्हणाली. "दुसरं औषध घ्यायाचं न्हाई म्हनून. कळलं तर तुमी गोळी बंद केली असती. मग हिची बी बंद."

"गोळी बंदच झाली आहे. आता लपवून काही मिळत नाही."

तिनं आतल्या दाराकडे बघितलं. मग कमरेची चंची सोडली. सुपारी, चुना, कात, आणि त्यांच्या खालच्या कप्प्यातून कागदाची एक घडी. घडीत खाकी रंगाची पूड.

"बाजाराला एक गाडीवाला येतूया. गुडघ्यावर लागू. हिनंच आनली. मी रोज अर्धी गोळी देतीया म्हनल्यावर हिनं बी कायतरी द्याला नगो? म्हनली, आक्का, तुमी अर्धी पुडी घ्या." मग थोडी घुश्शात, "आन् त्ये औषध न्हवं. झाडपाल्याचं हाय."

"शेवटची कधी घेतली तिनं?"

"वकाया लागली तवापास्नं न्हाई. पोटात ऱ्हाईना काय."

पुडी घेऊन मी आत गेले. पळत, असं म्हणायला हरकत नाही, जरी माझाही एक गुडघा अलीकडे वाजतो. मॅडमनी कागद उघडला, पूड बोटावर घेतली, वास घेतला.

"अशा पुड्या मी आधी पाहिल्यात," त्या म्हणाल्या. "आत काय काय कुटून घातलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दुखण्यावरच्या गोळ्या असतात, त्यांनीच किडनी बसते, आणि बहुतेक वेळा स्टेरॉइड. दुखणं झटकन थांबतं. अशी किती महिने घेतली आणि बंद कधी झाली?"

थोरलीची गोळी सुरू झाल्यापासूनचे महिने मोजून मी सांगितलं, आणि उलट्या लागल्यापासून बंद.

"म्हणून रक्तदाब पडलाय. शरीराला स्टेरॉइडची सवय लागलेली, आणि एका दिवसात बंद." त्या बोलता बोलताच नर्सला स्टेरॉइडचंच इंजेक्शन भरायला सांगत होत्या. "हे कळलं नसतं आणि मी तसंच मशीन लावलं असतं तर..."

इंजेक्शन गेलं. मी पडद्याशी उभी राहिले. स्क्रीनवरचा रक्तदाब हलत नव्हता. बराच वेळ हलला नाही. मग थोडा सरकला, परत खाली आला, परत सरकला. तो टिकायला लागला तेव्हा त्यांनी डायलिसिस सुरू केलं. बाहेर काचेला नाक लावून थोरली उभी होती. तिला तिथून काही दिसत नव्हतं, आतल्या बाजूनं पडदा होता. पण ती हटेना.

"आक्का, आता तुमचंही रक्त घ्यायचंय," मी बाहेर येऊन म्हटलं.

"माझं कशापायी? मला काय धाड भरलीया?"

"पुडीचा अर्धा वाटा तुमच्याही पोटात आहे."

"मी बरी हाय. माझं गुडघं बी बरं हाय."

"तेच तर," मी म्हटलं आणि तिचा हात पुढे ओढला. तिची साखर वाढलेली निघाली, किडनीही थोडी दमलेली. पुडी तिलाही एकदम बंद करता येणार नव्हती. ते डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू उतरवावं लागणार होतं.

धाकटीला काही वेळा मशीन लावावं लागलं. मग एका सकाळी नर्सनं सांगितलं की पिशवीत लघवी उतरली. मी खूप वर्षं या कामात आहे, पण लघवीची बातमी ऐकून कुणी एवढं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. थोरलीनं समोर येईल त्याला सांगितलं. ड्रायव्हर काकांना फोन करूनही सांगितलं. धाकटीची किडनी पूर्वीसारखी होणार नाही, जन्मभर जपावं लागेल, हे मॅडमनी दोघींना बसवून स्पष्ट सांगितलं. पण आता मशीन लागणार नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मी वॉर्डात गेले. सूज उतरून धाकटीचा चेहरा पुन्हा तिचा झाला होता. तिचा नवरा कळप दुसऱ्याच्या हवाली करून आला होता आणि बाहेर बिलाच्या रांगेत उभा होता. थोरली पलंगावर जावेच्या पायाशी बसली होती.

"म्याडम, एक विचारू का?" ती म्हणाली. "आमच्या गोळीत काय हुतं?"

संकेत उघडला होता. आता लपवायचं कारण नव्हतं. "काही नव्हतं, आक्का."

"काय न्हाई म्हंजी?"

"औषध नव्हतं. निम्म्या लोकांना औषधाची देतात, निम्म्यांना तशीच दिसणारी, नुसत्या पिठाची म्हणा. तुम्हाला ती आली होती. हे मी सुरुवातीला सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं," ती कबूल झाली. "पर मला वाटलं, ती दुसऱ्यास्नी."

मग तिचा आवाज चढला. "आन् मी ती अडकित्त्यानं कातरायची! रोज! चुरा बी सांडू द्यायची न्हाई! आन् त्यातला मोठा वाटा हिला!"

"मोठा मला न्हवता," धाकटी उशीवरून म्हणाली.

"गप. मोठाच हुता."

"आक्का, तुमी मला पीठ दिलंसा. मी तुमाला दिलं ती पुडी तर खरी निघाली."

"खरी निघाली म्हनून तर मरत हुतीस!" थोरली ओरडली. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. धाकटी हसायला लागली आणि हसता हसता पोट धरून बसली. थोरली हसली नाही. तिनं पदरानं धाकटीचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग माझं गुडघं कशानं बरं झालं हुतं?"

"पुडीनं. आणि थोडं पिठानं."

"आन् आता?"

"आता दुखणार. पुडी कमी करत न्यायची, तसं तसं दुखणार. मांडीच्या ताकदीचे व्यायाम दाखवते, ते केले तर कमी दुखेल. पण वेळ लागतो."

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. इतके दिवस काचेपाशी उभी राहून तो आधीच सुजला होता.

"मग ती खरी गोळी हाय ती द्या की," ती म्हणाली.

"ती खरंच गुण देते की नाही तेच शोधतोय आम्ही. अजून कुणालाच माहीत नाही. आणि तुम्हाला आता घेता येणार नाही."

"का बरं?"

"तुम्ही वाटून खाता."

"मग दोघींस्नी द्या," थोरली म्हणाली. "म्हंजी वाटाय नगो."

मी चादरीची घट्ट गुंडाळी केली, तिच्या गुडघ्याखाली ठेवली आणि सांगितलं, गुंडाळी खाली दाबा, टाच वर उचला, तशीच धरा. तिनं केलं. दात आवळून केलं. मी पुढचं सांगेपर्यंत धाकटीनं उशी काढून आपल्या गुडघ्याखाली घातली होती.

त्यानंतर माझ्या कामात एकच बदल झाला. संमती घेताना मी आणखी एक प्रश्न विचारते, जो सरांच्या कागदात नाही: घरात आणखी कुणाचे गुडघे दुखतात? पुढच्याच शिबिरात एका बाईला विचारलं, तर तिनं उत्तर द्यायच्या आधी मागच्या बाकावर बसलेल्या बाईकडे बघितलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्यांनाही बोलवा पुढे."